विश्लेषण : आर्क्टिकचा बर्फ खरेच घटतोय का? १३० वर्षांपूर्वी बर्फात अडकून घेतलेल्या नान्सेन यांच्या नोंदी काय सांगतात?

आर्क्टिकमधला बर्फ कमी होतोय, समुद्राची पातळी वाढतेय, अशी बातमी आली की काही प्रश्न हमखास विचारले जातात. उपग्रहांच्या सलग नोंदी १९७९ पासूनच्या, मग त्याआधी तिथे किती बर्फ होता हे कुणी पाहिले? ग्लासातला बर्फ वितळला म्हणून ग्लास भरून वाहत नाही, मग समुद्र कसा वाढेल? पूर्वीही बर्फ कमी-जास्त होतच होता ना?

हे प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. त्यांची उत्तरे शोधताना एका अशा माणसाच्या आयुष्याकडे पाहावे लागते, जो स्वतः पक्का संशयी होता आणि ज्याच्यावर त्या काळातल्या बड्या तज्ज्ञांनीही संशय घेतला होता. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) यांनी आपले जहाज मुद्दाम ध्रुवीय बर्फात अडकवून घेतले आणि त्या मोहिमेत तीन वर्षे समुद्राच्या, बर्फाच्या आणि हवेच्या नोंदी जमवल्या. त्या नोंदी आजही तुलनेसाठी वापरल्या जातात.

नान्सेन कोण होते?

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानियाजवळ (आजचे ऑस्लो) झाला. वडील वकील होते. घराजवळच जंगल असल्यामुळे लहानपणापासून स्कीइंग, शिकार आणि एकट्याने भटकणे यांची सवय लागली. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले. पुढे बर्गनच्या संग्रहालयात नोकरी करताना मज्जासंस्थेवर संशोधन केले आणि १८८८ मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. मज्जापेशी एकमेकींना जोडलेल्या सलग जाळ्यासारख्या नसून स्वतंत्र असतात, हे मत सुरुवातीला मांडणाऱ्या मोजक्या संशोधकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

बर्फाशी त्यांची पहिली गाठ १८८२ मध्ये पडली. सीलच्या शिकारीसाठी निघालेल्या 'वायकिंग' या जहाजावर ते प्राणिशास्त्राचे विद्यार्थी म्हणून गेले होते. ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याजवळ हे जहाज काही आठवडे बर्फात अडकले. जहाजावरच्या बाकीच्यांसाठी तो वाया गेलेला हंगाम होता. नान्सेन यांचे लक्ष मात्र तरंगत्या बर्फावर पडलेल्या लाकडाच्या ओंडक्यांकडे गेले. ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर अशी मोठी झाडे नाहीत, मग हे लाकूड आले कुठून, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला.

ग्रीनलँडमध्ये त्यांनी काय सिद्ध केले?

त्या काळात ग्रीनलँडच्या आतल्या भागात काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. स्वीडनचे नामवंत संशोधक नॉर्डेनशॉल्ड यांच्यासारख्यांना आत कुठेतरी बर्फमुक्त जमीन असावी असे वाटत होते. आजवरचे प्रयत्न वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून झाले होते. अडचण आली की मंडळी मागे फिरत.

नान्सेन यांनी दिशा उलटी केली. निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि पश्चिमेकडे चालायचे. मागे वस्तीच नसल्याने परत फिरण्याचा मोह उरणार नव्हता. अनेकांना हा वेडेपणा वाटला. नॉर्वे सरकारने पैसे दिले नाहीत. अखेर डेन्मार्कचे व्यापारी ऑगस्टिन गामेल यांनी मदत केली.

जुलै १८८८ मध्ये सहा जण किनाऱ्याजवळ जहाजावरून उतरले. त्यांत ओटो स्वेर्द्रूप होते आणि उत्तर नॉर्वेतल्या सामी समाजाचे साम्युएल बाल्टो व ओले राव्ना हे दोघेही होते. तरंगत्या बर्फाने त्यांना किनाऱ्यावर पोहोचूच दिले नाही. ते दूर दक्षिणेकडे वाहत गेले आणि तेवढे अंतर होड्या वल्हवत पुन्हा उत्तरेकडे यावे लागले. प्रत्यक्ष चाल ऑगस्टच्या मध्यात सुरू झाली. २,७०० मीटरपेक्षा जास्त उंची आणि रात्री उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी, अशा स्थितीत स्लेज ओढत ते ३ ऑक्टोबरला पश्चिम किनाऱ्यावरच्या गोटहोब (आजचे नूक) इथे पोहोचले. परतीचे शेवटचे जहाज तोवर निघून गेले होते. हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या मुक्कामात नान्सेन स्थानिक इनुइट लोकांकडून कयाक चालवायला शिकले. आठ वर्षांनी याच कयाकवर त्यांचा जीव वाचणार होता.

या प्रवासाने एका जुन्या कल्पनेवर पडदा पडला. ज्या मार्गाने ते गेले तिथे बर्फमुक्त जमीन नव्हती. आतला सगळा पट्टा म्हणजे एक प्रचंड बर्फाचे पठार होते. हा बर्फ जमिनीवर आहे, समुद्रावर तरंगत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जहाज बर्फात अडकवायची कल्पना कुठून आली?

एकोणिसाव्या शतकात उत्तर ध्रुवाबद्दल आणखी एक समज होता. बर्फाचा कडा ओलांडला की पलीकडे खुला, जहाज चालवता येईल असा समुद्र आहे, असे काही भूगोलतज्ज्ञ सांगत. त्या भरवशावर अमेरिकेचे 'जीनेट' हे जहाज १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेरिंग सामुद्रधुनीमार्गे निघाले. खुला समुद्र मिळाला नाही. जहाज बर्फात अडकले, जवळपास दोन वर्षे वाहत राहिले आणि जून १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला चिरडून बुडाले. जहाजावरच्या ३३ पैकी २० जणांचा मृत्यू झाला.

तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, याच जहाजावरच्या काही वस्तू ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ तरंगत्या बर्फावर सापडल्या. म्हणजे त्या आर्क्टिक महासागराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आल्या होत्या. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी यावर लेख लिहिला आणि तो नान्सेन यांच्या वाचनात आला.

'वायकिंग'वर पडलेला प्रश्न इथे पुन्हा वर आला. नान्सेन यांनी पुरावे एकत्र केले. ग्रीनलँडला लागणारे लाकूड सैबेरियातल्या झाडांचे होते. अलास्कातले लोक वापरतात तसे भाला फेकायचे एक साधन ग्रीनलँडला सापडले होते. बर्फावरच्या चिखलातले सूक्ष्म जीव बेरिंग सामुद्रधुनीजवळच्या नमुन्यांशी जुळत होते. निष्कर्ष असा की ध्रुवीय बर्फ स्थिर नाही. तो सैबेरियाकडून ग्रीनलँडकडे सरकतो. मग त्या बर्फाशी झुंजण्यापेक्षा त्याच्यावर बसूनच प्रवास का करू नये?

तज्ज्ञांचा विरोध कशासाठी होता?

ही योजना नान्सेन यांनी १८९० मध्ये नॉर्वेत आणि १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत मांडली. ध्रुवीय मोहिमांत आयुष्य घालवलेले ब्रिटिश नौदलातले अधिकारी समोर बसले होते. अनेकांनी शंका घेतली. बर्फाच्या दाबापुढे कोणतेही जहाज टिकणार नाही, हा मुख्य आक्षेप होता. प्रवाहाचा अंदाजही काहींना पटला नाही.

अमेरिकी लष्कराचे अॅडॉल्फस ग्रीली यांची टीका सर्वांत कठोर होती. प्रवाहाचा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता आणि ही योजना म्हणजे जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडी जाणे आहे, असा त्यांचा सूर होता. ग्रीली हवेत बोलत नव्हते. १८८१ ते १८८४ या काळात त्यांच्या स्वतःच्या आर्क्टिक मोहिमेतल्या २५ जणांपैकी फक्त सहा जिवंत घरी परतले होते. 'जीनेट'चे काय झाले हेही सगळ्यांसमोर होते. म्हणजे तज्ज्ञांच्या संशयाला अनुभवाचा आधार होता.

नान्सेन यांनी टीकाकारांना हेतू चिकटवले नाहीत. जहाज चिरडले जाईल हा आक्षेप खरा मानला आणि तो दूर करण्यासाठी जहाजच वेगळे बांधून घेतले. प्रवाह आहे की नाही, याचा निकाल मात्र चर्चेने लागणार नव्हता. त्यासाठी तिथे जाणे हाच मार्ग होता.

'फ्राम' वेगळे कसे होते?

जहाजबांधणीतले नॉर्वेचे नामवंत कारागीर कॉलिन आर्चर यांनी हे जहाज बांधले. नॉर्वेच्या संसदेने मोठा निधी दिला, राजा ऑस्कर यांनीही मदत केली. ऑक्टोबर १८९२ मध्ये 'फ्राम' पाण्यात उतरले. या नावाचा अर्थ 'पुढे'.

जहाज सुमारे ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद होते. लांबीच्या मानाने ही रुंदी बरीच जास्त. तळ गोलसर ठेवला होता. बाजूंनी बर्फाचा दाब आला की बर्फाला पकड मिळू नये आणि जहाज वर उचलले जावे, असा हेतू होता. ओल्या हातातून साबणाची वडी निसटते, साधारण तोच प्रकार. लाकडी भिंती कित्येक थरांच्या होत्या, आतून भक्कम टेकू दिले होते. सुकाणू आणि पंखा वर ओढून घेता येत असे. विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की होती. समुद्रावर हे जहाज भयंकर हेलकावे खायचे, पण त्याची रचना समुद्रापेक्षा बर्फासाठी केली होती.

२४ जून १८९३ रोजी नान्सेन निघाले तेव्हा त्यांची मुलगी लिव्ह अवघी काही महिन्यांची होती. पत्नी एव्हा या गायिका होत्या. पुढची तीन वर्षे घरी एकही निरोप पोहोचणार नव्हता.

तीन वर्षांत काय हाती लागले?

जहाजावर नान्सेन धरून १३ जण होते, कप्तान होते स्वेर्द्रूप. सप्टेंबर १८९३ च्या अखेरीस सैबेरियाच्या उत्तरेला 'फ्राम' बर्फात गोठले. सुरुवातीला तर नान्सेन यांचा अंदाजच चुकल्यासारखे वाटले. काही आठवडे जहाज उत्तरेऐवजी दक्षिणेकडे सरकत होते. नंतर ते हळूहळू वायव्येकडे जाऊ लागले, पण वाकडेतिकडे, कधी पुढे तर कधी मागे. बर्फाचा दाब अनेकदा आला. आवाज करत बर्फ जहाजाखाली गेला आणि जहाज वर उचलले गेले. रचना यशस्वी ठरली होती.

दरम्यान रोजच्या नोंदी चालू होत्या. हवेचे तापमान, दाब, वारा, बर्फाची जाडी, पाण्याचे तापमान आणि क्षारता, समुद्राची खोली. यातून काही मोठे निष्कर्ष निघाले.

पहिला खोलीचा. ध्रुवीय समुद्र उथळ असावा, असा नान्सेन यांचा स्वतःचा अंदाज होता. त्यामुळे खोली मोजायची दोरी पुरेशी लांब घेतलीच नव्हती. दोरी तळाला लागेना, तेव्हा जहाजावरची पोलादी तार उलगडून नवी दोरी करावी लागली. खोली ३,००० मीटरपेक्षा जास्त भरली.

दुसरा पाण्याच्या थरांचा. वरचे पाणी गोठणबिंदूच्या जवळ थंड, पण त्याखाली, साधारण दोनशे मीटरच्या पुढे, तुलनेने उबदार आणि जास्त खारट थर होता. हे अटलांटिक महासागरातून आत शिरलेले पाणी होते. आज आर्क्टिकचा बर्फ का घटतोय, याचा अभ्यास करताना हवेइतकेच या थराकडेही लक्ष दिले जाते.

तिसरा बर्फाच्या दिशेचा. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता उजवीकडे २० ते ४० अंश कलून सरकतो, हे नान्सेन यांनी टिपले. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम असावा असे त्यांना वाटले. पुढे स्वीडनचे वॅग्न वाल्फ्रीड एकमन यांनी त्याचे गणित मांडले. समुद्रशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात 'एकमन' हे नाव येते, त्याचे मूळ 'फ्राम'वरच्या या नोंदींत आहे.

ध्रुवापर्यंत ते पोहोचले का?

नाही. जहाज ध्रुवाजवळून जाईल ही आशा दीड वर्षात मावळली. तेव्हा १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि हालमार योहान्सेन हे दोघे २८ कुत्रे, तीन स्लेज आणि दोन कयाक घेऊन जहाज सोडून निघाले. जहाज सरकत राहणार असल्याने परत त्यावर येणे शक्य नव्हते.

बर्फ सपाट नव्हता. दाबाने उभ्या राहिलेल्या बर्फाच्या भिंती पुन्हा पुन्हा ओलांडाव्या लागत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कुणीही गेले नव्हते. तिथून पुढे गेल्यास परतणे अशक्य आहे असा हिशेब करून ते मागे फिरले.

परतीच्या वाटेवर दोघांची घड्याळे बंद पडली. घड्याळाशिवाय रेखांश काढता येत नाही, त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे कळेना. एकेक करून कुत्रे मारावे लागले. अखेर फ्रान्झ योसेफ लँड या बेटांवर दगड, चिखल आणि वॉलरसची कातडी वापरून त्यांनी खोपटे उभारले आणि अस्वल व वॉलरसच्या मांसावर संपूर्ण हिवाळा काढला. एकदा बांधलेले कयाक सुटून वाहून गेले, तेव्हा नान्सेन यांनी गोठणाऱ्या पाण्यात उडी टाकून ते परत आणले. कयाक गेले असते तर सुटकेचा मार्गच उरला नसता. जून १८९६ मध्ये त्याच बेटांवर असलेले ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक जॅक्सन योगायोगाने भेटले आणि दोघांची सुटका झाली.

१३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरले. त्याच दिवशी, स्पिट्सबर्गनच्या परिसरात 'फ्राम' बर्फातून मोकळे झाले. ३५ महिन्यांचा प्रवाह पूर्ण झाला होता आणि तेराच्या तेरा जण जिवंत होते. सैबेरियाकडून ग्रीनलँडकडे बर्फ वाहतो, हे सिद्ध झाले.

त्यांचे काय चुकले?

बरेच काही. समुद्र उथळ असेल हा अंदाज साफ चुकला. जहाज ध्रुवाच्या अगदी जवळून जाईल हेही चुकले. आर्क्टिकच्या तळाशी एकच सलग खोल खोरे आहे असे त्यांना वाटत होते, पण १९४८ मध्ये सोव्हिएत संशोधकांना त्याला दुभागणारी लोमोनोसोव्ह ही पाण्याखालची डोंगररांग सापडली. खोल पाण्याच्या क्षारतेच्या काही नोंदीही पुरेशा अचूक नव्हत्या.

पण या चुका आपल्याला कळल्या, कारण नान्सेन यांनी सगळ्या नोंदी छापून जगासमोर ठेवल्या. १९०० ते १९०६ या काळात मोहिमेचे वैज्ञानिक निष्कर्ष सहा खंडांत प्रसिद्ध झाले. मोजमाप कच्चे पडते हे लक्षात आल्यावर त्यांनी उपकरणे सुधारली. खोल पाण्याचा नमुना आणि त्याच जागेचे तापमान एकदम वर आणणारी 'नान्सेन बाटली' विसाव्या शतकात कित्येक दशके जगभरच्या संशोधन जहाजांवर वापरली गेली. १९०८ मध्ये ते समुद्रशास्त्राचे प्राध्यापक झाले.

नोबेल कशासाठी मिळाले?

नान्सेन यांना १९२२ चे नोबेल मिळाले ते शांततेसाठी. स्वतंत्र नॉर्वेचे लंडनमधले पहिले राजदूत म्हणून त्यांनी १९०६ ते १९०८ या काळात काम केले होते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांची जबाबदारी दिली आणि चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी परतले. १९२१ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. बोल्शेविक सरकारवरच्या अविश्वासामुळे अनेक देश मदतीला तयार नव्हते. तेव्हा नान्सेन यांनी उपासमारीची छायाचित्रे दाखवत देशोदेशी भाषणे केली आणि निधी जमवला.

देश गमावलेल्या निर्वासितांसाठी १९२२ मध्ये सुरू झालेला 'नान्सेन पासपोर्ट' हे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. सुमारे साडेचार लाख लोकांना तो मिळाला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि रखमानिनोव्ह त्यांपैकीच. १३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या घरी नान्सेन यांचे निधन झाले आणि १७ मे रोजी, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या नोंदी आज काय सांगतात?

सप्टेंबर २००६ मध्ये फ्रान्सची 'तारा' ही शिडाची बोट 'फ्राम'सारखीच सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात अडकवण्यात आली. मार्ग साधारण तोच होता. 'फ्राम'ला ३५ महिने लागले होते, 'तारा' सुमारे १६ महिन्यांत, जानेवारी २००८ मध्ये, बाहेर पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीचे 'पोलारस्टर्न' हे जहाज अशाच मोहिमेवर बर्फात थांबले आणि जुलै २०२० च्या अखेरीस बर्फाच्या काठाशी आले. मात्र त्याची सुरुवात बरीच उत्तरेकडून झाली होती, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही.

बर्फ पातळ झाला की तो वाऱ्याने लवकर सरकतो आणि लवकर मोडतो. तरीही एका बोटीच्या वेगावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, कारण त्या वर्षांतले वारेही वेगळे असू शकतात. म्हणून दुसरे पुरावे पाहावे लागतात. अमेरिकी पाणबुड्यांनी १९५८ ते १९७६ या काळात बर्फाखालून केलेल्या मोजणीत उन्हाळ्याच्या अखेरची सरासरी जाडी सुमारे तीन मीटर होती. १९९० च्या दशकात त्याच भागांत ती दोन मीटरच्याही खाली आली. उपग्रहांच्या नोंदींनुसार सप्टेंबरमधला समुद्री बर्फ १९८० च्या दशकात सरासरी ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होता. अलीकडे बहुतेक वर्षी तो ४० ते ५० लाखांच्या दरम्यान असतो. हा फरक भारताच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तीन चतुर्थांश आहे.

मग संशयाच्या मुद्द्यांचे काय?

ग्लासातल्या बर्फाचा मुद्दा बरोबर आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळीत पडणारा फरक अगदी किरकोळ असतो. पण नान्सेन यांच्या दोन मोहिमा दोन वेगळ्या बर्फांवरच्या होत्या. 'फ्राम' अडकले तो तरंगता बर्फ. १८८८ मध्ये ते चालले तो जमिनीवरचा बर्फ आणि तो वितळून समुद्रात आला की पातळी वाढतेच. ग्रीनलँडने १९९२ ते २०२० या काळात सुमारे ४,९०० अब्ज टन बर्फ गमावला, त्यातून समुद्र सुमारे साडेतेरा मिलिमीटर वाढला. हा बर्फ पूर्ण वितळला तर वाढ सात मीटरपेक्षा जास्त असेल, अर्थात त्याला शेकडो ते हजारो वर्षे लागतील. त्याशिवाय पाणी तापले की प्रसरण पावते. या सगळ्या कारणांनी १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. तरंगता बर्फही अगदीच निरुपद्रवी नाही. तो सूर्यप्रकाश परावर्तित करतो, तो गेला की खालचे गडद पाणी ती उष्णता शोषते.

दुसरा मुद्दा, २०१२ चा विक्रम मोडला नाही, मग बर्फ घटतोय कसा? तेव्हाचा ३४ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक अजून कायम आहे, हे खरे. त्या ऑगस्टमध्ये मोठे वादळ झाले होते. वर्षागणिक चढउतार होतातच. पण उपग्रहांच्या नोंदीतली सर्वांत कमी बर्फाची सगळी वर्षे २००७ पासूनची आहेत.

तिसरा मुद्दा, पूर्वीही आर्क्टिक तापले होते. हेही खरे. १९२० आणि १९३० च्या दशकांत, नान्सेन यांच्या अखेरच्या वर्षांत, आर्क्टिकच्या अटलांटिककडच्या भागात तापमान वाढले होते. ते नंतर उतरले. आजची घट त्याहून विस्तृत आहे आणि चार दशकांहून अधिक काळ चालू आहे.

आपल्याशी याचा संबंध काय?

गोव्यातल्या वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्पिट्सबर्गनवरच्या न्यू-ऑलेसुंड इथले भारताचे 'हिमाद्री' हे २००८ मध्ये सुरू झालेले केंद्र तेच चालवते. २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डनमध्ये भारताने 'इंडआर्क' ही यंत्रणा पाण्याखाली बसवली. ती पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजते. अटलांटिकचे जे उबदार पाणी नान्सेन यांना बर्फाखाली सापडले, त्याच्या वाटेवरचा हा भाग. मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या मोजणीच्या १८७८ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. म्हणजे नान्सेन शाळकरी वयात होते, तेव्हापासून मुंबईत समुद्राची उंची लिहून ठेवली जात आहे.

आर्क्टिकमध्ये १८९३ साली काय होते, याचे उत्तर आज देता येते, कारण तेरा जणांनी अंधारात, थंडीत, आपलाच अंदाज चुकतोय हे दिसत असतानाही रोजचे आकडे लिहिले. ग्रीली यांना संशय होता, नान्सेन यांनाही होता. त्यातून तीन वर्षांची मोजणी उभी राहिली. बर्फाबद्दल आज कुणी कोणताही दावा केला, वितळतोय असा किंवा नाही असा, तर त्यामागे किती वर्षांची मोजणी आहे आणि ती कुठे पाहता येईल, एवढे विचारणे कुणालाही शक्य आहे.